दादाच्या जिन्यात

बायको : अहो, थांबलात का पुन्हा? पहिलाच मजला आहे हा. तुमच्या दादांचं घर तिसऱ्यावर.

सुतार : कठडा बघत होतो. सागवान नाही हे, नुसता रंग फासलाय.

बायको : चर्चमध्येही हेच. वीस वर्षं उपासनेला जाताय, पण उपदेशातलं एक वाक्य विचारलं तर आठवायचं नाही. छताला तुळया किती, कुठल्या बाकाचा सांधा उघडलाय, ते मात्र तोंडपाठ.

सुतार : एका रविवारचा खाडा दाखव.

बायको : तुमचा इस्त्रीचा शर्ट जायचा दर रविवारी. आत तुम्ही असायचात की नाही, कुणाला ठाऊक.

सुतार : ज्याला ठाऊक असायला हवं, त्याला होतं.

बायको : आणि आता बघा. पहाटे उठून बायबल काय वाचता, परवा गिऱ्हाईकाला आपण होऊन काय सांगता, की कपाटाच्या आतल्या फळ्या हलक्या लाकडाच्या आहेत! पाळकसाहेब विचारत होते मला, नवऱ्याला हल्ली काय खायला घालता म्हणून. मी म्हटलं, माझा काही हात नाही यात, तुम्हीच त्यांना चर्चमधली ती फळी दुरुस्तीला दिलीत.

सुतार : फळीचं काय सांगितलंस त्यांना?

बायको : मला ठाऊक तेवढंच. गुडघे टेकायची फळी मोडली होती, तुम्ही एकटेच गेलात, आणि दुपारच्या जेवणाला उगवलात संध्याकाळी. डोळे लाल. विचारलं तर म्हणे भुसा गेला.

सुतार : वजन पेलते का बघायला टेकले होते गुडघे. एरवी सगळे टेकतात म्हणून मीही टेकायचो. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं. म्हटलं, टेकलेच आहेत तर दोन शब्द बोलावेत. आणि मग उठवेना. येशू ऐकतोय हे इतकं खरं वाटलं गं, की खोटं बोलायची सोयच राहिली नाही.

बायको : हे मला इतके दिवस सांगायला काय झालं होतं? बरं, चढा आता. दादांना माफ करायची बुद्धी झाली, हेच खूप. अकरा वर्षं तोंड बघितलं नाहीत, मी तर आशाच सोडली होती. फक्त एक करा, मोठेपणा मिरवू नका. झालं गेलं विसरलो म्हणायचं आणि गुपचूप बसायचं.

सुतार : जरा टेक इथे, पायरीवर.

बायको : दुसऱ्यांच्या दारात? अहो, एकच मजला राहिलाय.

सुतार : मी माफ करायला नाही आलो. माफी मागायला आलोय.

बायको : ती कशाबद्दल?

सुतार : शाळेची कपाटं. दादाचं माप बरोबर होतं. आकडा मी चुकीचा वाचला आणि बाराच्या बारा वीतभर आखूड कापली. बाबांनी विचारलं तेव्हा दादाचं नाव पुढे केलं. त्यानं मापं लिहिलेला कागद मी सरस उकळायच्या शेगडीत घातला.

बायको : त्यावरून बाबांनी त्यांना कारखान्यातून काढलं.

सुतार : हो. आणि तेच खरं मानून गेले.

बायको : आणि मी चार लोकांत सांगत फिरले, की थोरल्यांनी घराचं नाव घालवलं.

सुतार : तुझीही माफी मागायची होती. घरी धीर झाला नाही.

बायको : बोलू नका माझ्याशी. मला फार राग आलाय.

सुतार : परत जाऊ या का?

बायको : तोंड वर करून विचारता? माझ्या रागाचं घरी गेल्यावर बघू. उठा. पुढे तुम्ही व्हायचं, बेल तुम्ही वाजवायची.

(तिसरा मजला. थोरला भाऊ दार उघडतो.)

थोरला : तू?

सुतार : दादा, आत बोलावू नकोस, आधी ऐकून घे. त्या शाळेच्या कपाटांचं माप...

थोरला : बरोबर होतं. घेतलं मीच होतं, मला कळणार नाही?

सुतार : मग बाबांना का नाही सांगितलंस?

थोरला : त्यांचा राग ठाऊक आहे ना तुला. दोघांनाही हाकललं असतं. मग म्हातारपणी राहिले असते कुणाकडे?

सुतार : दादा, माफ कर मला.

थोरला : आज जमेलसं वाटत नाही. उगाच खोटं कशाला बोलू?

सुतार : नको बोलूस.

बायको : भाऊजी, निघतो मग आम्ही.

थोरला : निघता कुठे? तीन जिने चढून आलात, बसा. बाबा शेवटी कसे होते, मला अजून कुणी सांगितलेलं नाही.