निकेलोडियनच्या खुर्च्या

पिट्सबर्गमधल्या हलत्या चित्रांच्या दुकानाबाहेर दुपारची रांग लागली होती. पहाटेपासून कपडे धुऊन झुझानाचे पाय भरून आले होते. कधी एकदा आत जाऊन बसते असं तिला झालं होतं. पुढे म्हातारा ओंद्रेय पाटी न्याहाळत ग्रीक लाम्ब्रोसला विचारत होता.

“निकेलोडियन म्हणजे काय रे?”

“निकेल म्हणजे तुमच्या हातातलं पाच सेंटांचं नाणं, काका. आणि ओडियन हा आमचा शब्द. छपराखालची गाण्याबजावण्याची रंगशाळा.”

“नाव मोठं, लक्षण खोटं! परवापर्यंत इथे बुटांचं दुकान होतं.”

“खुर्च्यासुद्धा भाड्याच्या. मयताचं सामान पुरवणाऱ्याच्या. कुणी गेलं की त्या तिकडे जातात आणि आपण उभ्याने बघायचं. आज सकाळीही नव्हत्या.”

“माहीत आहे.”

“आता आल्यात. कोण गेलं होतं कुणास ठाऊक.”

“माझी बायको.”

“अरे देवा! काका, मग तुम्ही इथे कसे?”

“माती देऊन आलो. माणसं पांगली. मग खुर्च्याही उचलून गाडीत भरल्या. घर इतकं मोकळं दिसायला लागलं, की त्या गाडीच्या मागेमागे चालत आलो.”

दार उघडलं. समोर खुर्ची रिकामी असूनही सगळा खेळ झुझानाने भिंतीला टेकून उभ्यानेच पाहिला.