पहिली पत्रिका देवीला, पहिला पसंतीक्रमही!

बसा, बसा मंडळी. मागच्यांनी जरा पुढे सरका. आणि मृदंगबुवा, तुम्ही थोडा वेळ हात आवरा — आज मला ताल नको, कान हवेत!

आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. देवाला पहिला मान द्यावा की नाही?

"द्यावा!" बघा, तुमचा कसा खणखणीत आवाज आला! आता दुसरा प्रश्न. शेजाऱ्याच्या ताटातला पहिला घास मी उचलला आणि देवाला दाखवला — तर तो नैवेद्य झाला का?

का हो, आता का गप्प? मघाशी तर मांडव हलला होता! राहू द्या. आज पुराणातली गोष्ट सांगत नाही. राजा नाही, राणी नाही, राक्षस तर मुळीच नाही. राक्षस असता तर बरं झालं असतं, त्याला नावं ठेवून मोकळे झालो असतो. इथे सगळी चांगली माणसं आहेत. आणि चांगल्या माणसांनी जे करून ठेवलं, ते ऐकून मी अजून सावरलेलो नाही!

ऐका तर. शेजारच्या तालुक्याच्या गावी रंगनाथ सुतार म्हणून गृहस्थ आहेत. त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका छापाव्यात तर रंगनाथनंच! माणूस सज्जन. गळ्यात माळ, तोंडात सुपारीचं खांडसुद्धा नाही. आणि एक नेम — कुणाच्याही लग्नाची पत्रिका छापली, की गठ्ठ्यातली पहिली पत्रिका काढायची, हळदकुंकू लावायचं आणि डोंगरावरच्या जाखमातेच्या पायांशी नेऊन ठेवायची. बावीस वर्षं! आधी देवीला आमंत्रण, मग पाहुण्यांना. यात काही चुकलं का? नाही. मी तर म्हणतो, फार गोड नेम!

या रंगनाथला एकच मुलगी. मिताली. बारावी सायन्सला. आता मुलगी कशी, सांगतो. ऐन लग्नसराईत छपाईचं मशीन बंद पडलं. मेकॅनिक कोल्हापूरहून येणार — आज येतो, उद्या येतो. तिसऱ्या दिवशी ह्या पोरीनं मशीनची पाठ उघडली, आतली पाटी काढली, एक जळका तुकडा शोधला, बाजारातून दुसरा आणला, डाग देऊन जोडला — मशीन चालू! रंगनाथ बघतच राहिला. त्या दिवशी पोरीनं ठरवलं — शिकायचं तर इलेक्ट्रॉनिक्स, आणि तेही पुण्याच्या सरकारी कॉलेजात.

ठरवलं म्हणजे आपल्यासारखं नव्हे हो! आपण काय ठरवतो? सोमवारपासून चालायला जायचं! कुठला सोमवार, ते कुणी विचारायचं नाही. मितालीनं जूनमध्ये, बारावी सुरू झाली त्याच आठवड्यात, भिंतीवर कॅलेंडर लावलं आणि लाल पेन घेऊन बसली. सीईटीचा फॉर्म कधी, डोमिसाईल कधी काढायचं, नॉन-क्रिमिलेअरचा दाखला कधी, मार्क किती लागतील, मागच्या तीन वर्षांत कुठल्या कॉलेजचा प्रवेश कितीवर थांबला — सगळं वहीत! तिची आई विमलबाई म्हणायची, "अगं, लग्नाची तयारीसुद्धा आम्ही एवढी केली नव्हती!" तर पोरगी म्हणते, "आई, म्हणून तर तुमच्या लग्नात वरमाला विसरली!"

हसा, हसा. पुढे हसायला फार मिळणार नाही.

निकाल लागला. सीईटीत अठ्ठ्याण्णव पर्सेंटाईलच्या वर! आता राहिला कॉलेजांचा पसंतीक्रम. ज्यांच्या घरी नातवंडं लहान आहेत त्यांना सांगतो — कॉम्प्युटरवर यादी भरायची असते. एक नंबरला सगळ्यात हवं ते कॉलेज, दोनला त्याच्या खालचं, तीनला त्याच्या खालचं. मशीन वरून वाचत येतं. जिथे तुमचे मार्क पुरतात, तिथे थांबतं. दया नाही, माया नाही, ओळखपाळख नाही! मितालीनं एकतीस नावांची यादी केली. आठ दिवस खाली-वर, खाली-वर. एक नंबरला पुणं.

शेवटचा दिवस. पाचला खिडकी बंद. यादी भरून ठेवलेली, फक्त कायम करायची बाकी. आणि नेमका त्याच दिवशी तहसीलमधून निरोप — दाखला तयार आहे, स्वतः येऊन सही करून न्या. पोरगी गेली. साहेब जेवायला गेलेले. तीन वाजले, साडेतीन वाजले, चार वाजले! साहेब कसले जेवत होते, पंगत होती की काय, देव जाणे. शेवटी तिनं बापाला फोन लावला.

"बाबा, यादी तयार आहे. छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर उघडीच ठेवलीय. फक्त खालचं बटण दाबा. ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येईल, तो टाका. बास!"

"अगं, एवढंच ना? निवांत राहा तू!"

रंगनाथनं हातपाय धुतले. खुर्चीत बसला. देवीच्या फोटोला हात जोडले. यादी बघितली. एकतीस नावं — आणि त्यात देवीचं नाव कुठेच नाही!

मंडळी, डोंगराच्या पायथ्याला एक कॉलेज आहे. श्री जाखमाता अभियांत्रिकी महाविद्यालय. नवं आहे, साधं आहे, शिकवणारे भले आहेत. सिव्हिल आहे, मेकॅनिकल आहे. इलेक्ट्रॉनिक्स नाही. रंगनाथनं काय केलं असेल?

हो! अगदी तेच!

यादीत सगळ्यात वर, एक नंबरला — श्री जाखमाता, सिव्हिल! मग पुणं दोन नंबर. बाकी सगळी एकेक पायरी खाली. बटण दाबलं. ओटीपी टाकला. वर हात जोडून म्हणाला, "आई, तुझा मान तुला दिला. आता पोरीला पुण्याला धाड!"

माणूस वेडा नव्हता हो. त्याचा हिशोब ऐका, मला त्यानंच सांगितला. म्हणाला, "महाराज, बावीस वर्षं पहिली पत्रिका देवीला देतोय. देवी कधी लग्नाला जेवायला आली का? ती पत्रिका घेते, आशीर्वाद देते, जागच्या जागी राहते. पाहुण्यांची यादी दोन नंबरापासूनच सुरू होते. मला वाटलं, मशीनलाही एवढं कळत असेल!"

मशीनला! अरे, मशीनला देवी कळत नाही, पत्रिका कळत नाही, फक्त नंबर कळतो!

आता निकालाचा दिवस. सकाळी अकराला मोबाईलवर मेसेज — अभिनंदन, तुम्हाला पहिल्या पसंतीक्रमाचं कॉलेज मिळालं आहे. पहिल्या! मिताली किंचाळलीच. आई देवघराकडे धावली. रंगनाथच्या डोळ्यांत पाणी! मेसेजमध्ये कॉलेजचं नाव नव्हतं आणि बघायची गरज कुणाला? पहिलं म्हणजे पुणं! विमलबाईंनी पेढे आणले, गल्लीत वाटले. आणि रंगनाथ? त्यालासुद्धा आठवलं नाही! त्याच्या लेखी देवीचं नाव यादीत नव्हतंच, ते यादीच्या वर होतं. तोही गल्लीभर सांगत फिरला, "पहिलंच लागलं, पहिलंच!"

दुपारी मिताली प्रवेशाचं पत्र काढायला बसली. उघडलं. वाचलं. परत वाचलं.

श्री जाखमाता. सिव्हिल.

"बाबा, मशीन चुकलं!"

बाप-लेक तसेच उठून सुविधा केंद्रावर. तिथे ढवळे मॅडम म्हणून होत्या. मिताली म्हणाली, "मॅडम, हे कॉलेज मी भरलंच नाही!" मॅडमनी कागद काढला. "अगं, हा बघ तुझा फॉर्म. चार वाजून बावीस मिनिटांनी कायम केलाय. ओटीपीसकट."

"चार बावीसला मी तहसीलच्या रांगेत होते."

हे वाक्य ती बोलली मात्र, आणि बोलता बोलता मान वळली. हळूच. बापाकडे.

"बाबा... यादी बदललीत तुम्ही?"

"छे गं! तुझी एकतीसच्या एकतीस नावं तशीच आहेत. एकालाही धक्का लावला नाही. मी फक्त वर..."

"वर काय?"

"वर देवीला घातलं."

मंडळी, ढवळे मॅडमच्या हातातलं पेन खाली पडलं. त्यांनी ते उचललंसुद्धा नाही! म्हणाल्या, "काका, त्या वर काही नसतं हो. वर असतं ते पहिलं असतं."

रंगनाथ हात जोडून म्हणाला, "मॅडम, मग ते काढून टाका. देवी रागवायची नाही." मॅडम म्हणाल्या, "पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप पक्की, असा यंदाचा नियम आहे. प्रवेशाच्या पुढच्या फेऱ्यांत हिला जाता येत नाही." आणि मग त्यांनी, बिचाऱ्यांनी, सवयीनं दोन नंबरचा आकडा बघितला. बघायला नको होता! पुण्याची इलेक्ट्रॉनिक्सची शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली, त्याचे मार्क मितालीपेक्षा कमी होते.

म्हणजे मिळालं असतं! नुसतं बटण दाबलं असतं, तर मिळालं असतं!

पोरगी रडली नाही. कागदाची घडी घातली, वहीत ठेवली आणि बापाच्या पुढे चालत घरी आली. घरी काय? गल्लीतली माणसं! पेढा खाऊन अभिनंदनाला आलेली! एक जातं, एक येतं. "पहिलंच लागलं म्हणे! देवी पावली!" आणि ती मुलगी दारात उभी राहून सगळ्यांना पाणी देते. कसं दिलं असेल हो तिनं ते पाणी? माझ्याच्यानं नाही सांगवत.

आता म्हणाल, महाराज, तुम्हाला हे सगळं कसं ठाऊक? सप्ताहाची पत्रकं छापायला टाकली होती, ती आणायला मी छापखान्यात गेलो. रंगनाथचा चेहरा उतरलेला. विचारलं, तर त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. माझं डोकंच फिरलं! मी ओरडलो, "अरे रंगनाथा, पत्रिकेचं ठीक आहे, पण पोरीच्या फॉर्मात देवीला घालायला तुला सांगितलं कुणी?"

त्यानं मान वर केली. रागानं नाही हो, साधेपणानं म्हणाला, "तुम्हीच की महाराज. चैत्रातल्या कीर्तनात."

मी पत्रकांच्या गठ्ठ्यावरच बसलो!

आठवलं मला. चैत्रात, त्यांच्याच देवळात, मी असाच उभा होतो. असाच फेटा, अशीच बुक्क्याची बोटं. आणि मी गर्जून म्हटलं होतं — "आयुष्यात कुठलीही यादी करा! किराण्याची करा, पाहुण्यांची करा! पहिलं नाव देवाचं घाला, बाकीचं तो बघतो!" टाळ्या पडल्या होत्या. हे पेटीवाले साक्षीला आहेत. मलाच माझं वाक्य इतकं आवडलं, की मी ते दोनदा म्हटलं होतं!

दोनदा!

उठलो, आत गेलो. मिताली पत्रिकांना दोरा ओवत होती. मी समोर बसलो. आता काय बोलणार? तोंडाला सवय आहे ना, ती गप्प बसू देत नाही. म्हणालो, "बाळ, देवीची इच्छा असेल."

तिनं दोरा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "महाराज, देवीची इच्छा कुणी विचारली? तिला नाही विचारलं आणि मलाही नाही. आम्हा दोघींनाही कुणी विचारलं नाही."

मंडळी, मी तीस वर्षं कीर्तन करतो. भल्याभल्यांनी शंका विचारल्या, मी उत्तरं दिली. या अठरा वर्षांच्या पोरीपुढे मात्र मी हात जोडले. म्हणालो, "चुकलो."

"आता काय करणार?" विचारलं. म्हणाली, "जागा सोडली. पुन्हा सीईटी देते. वर्ष गेलं." वर्ष गेलं! दोन शब्द. एवढं लाल पेनानं आखलेलं वर्ष! बाप दारातून म्हणाला, "यापुढे मी तुझ्या फॉर्माला हात लावणार नाही." तर ती म्हणते, "लावा ना बाबा. पण विचारून."

आता इकडे बघा. तुमच्याकडेच बोलतोय. या मांडवात बारावीची पोरं किती आहेत? हात वर करा. लाजू नका... चौदा. बरं. या चौदा जणांच्या फॉर्मावर मोबाईल नंबर कुणाचा आहे? बापाचा? काकाचा? आणि अण्णा, तुम्ही हसू नका! तुम्ही नातवाच्या फॉर्मात "आपल्या भाऊसाहेबांचं कॉलेज" घालायला सांगितलंत, ते मला कळलंय! कुणी देवाचं नाव घालतं, कुणी पुढाऱ्याचं, कुणी स्वतःच्या हुकलेल्या डॉक्टरकीचं. फॉर्म पोराचा, पहिला नंबर आपला! आणि वर म्हणायचं, सगळं तुझ्याच भल्यासाठी!

अरे, देवाला मान द्यायचा ना? मग आपल्या ताटातला द्या! तुमचा अहंकार एक नंबरला घाला आणि देवाला वाहा, तो आनंदानं घेईल. पोराचं वर्ष त्यानं कधी मागितलं होतं?

आणि माझं ऐकून काही करणार असाल, तर आधी पोराला विचारा. मीही चुकतो. मोठ्यानं चुकतो, वर टाळ्या घेतो!

इथे नेहमी मी हात वर करतो आणि तुम्ही गजर करता. आज नको. टाळ खाली ठेवा. ज्यांची पोरं बारावीत आहेत त्यांनी आत्ता उठायचं, आरतीला थांबायचं नाही. घरी जायचं, पोराशेजारी बसायचं आणि एवढंच विचारायचं — "तुझं पहिलं नाव कुठलं रे?" आणि मग ऐकायचं.

उठा. देवी थांबेल. फॉर्मची तारीख थांबत नाही.