खालचं बी

(पौड, १९८४. पीरमहंमद यांची भात भरडायची गिरणी. वीज गेल्यामुळे बंद आहे.)

रंभाबाई : माजं नाव, जपानात? अगं आमिने, रेशनकार्डावर बी माजं नाव धड न्हाई. तितं राधाबाई घातलंय.

अमिना : खरंच सांगतेय, रंभामावशी. शहात्तर साली माझा भातावरचा निबंध छापून आला ना, त्यात वाणाचं नाव 'रंभा' असं पडलंय. तेव्हापासून त्रेसष्ट संशोधकांनी त्या निबंधाचा दाखला दिलाय. त्रेसष्ट ठिकाणी तुम्ही आहात.

पीरमहंमद : त्रेसष्ट मोजलेस कसे गं?

अमिना : आमच्या लायब्ररीत जाडजूड खंड येतात, अब्बा. कोणी कोणाचा दाखला दिला ते मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. डबा खाऊन झाला की भिंग घेऊन बसते.

पीरमहंमद : म्हनून चष्मा जाड झाला व्हय! मला वाटलं, लई वाचतीया.

रंभाबाई : ते ऱ्हाऊ द्या, पीरभाई. माजं नाव भाताला कुनी दिलं?

अमिना : मीच. तुमच्याकडून बी नेलं, तेव्हा पिशवीवर 'रंभा' लिहिलं. प्रयोगशाळेत पिशवीवर वाणाचं नाव घालतात. टायपिस्टनं तेच उचललं. छापण्याआधी मी तपासलं, पण नाव ओळखीचं, म्हणून खटकलंच नाही.

पीरमहंमद : गिरनीची सवय, दुसरं काय. मला लिवता येत न्हवतं. सहा वर्सांची पोर गेरूनं पोत्यांवर मालकाची नावं काढायची. हैबतरावाच्या पोत्यावर 'हैवानराव' काढलंस, तवा कसला भडकला हुता त्यो!

रंभाबाई : का भडकावं? बरूबर तर लिवलं हुतं.

अमिना : हसू नका हो. मी अडचणीत आलेय. जपानच्या एका प्राध्यापकांनी मुळशीचा आंबेमोहर मागवला आणि माझाच प्रयोग तीनदा केला. त्यांचे आकडे माझ्या आकड्यांशी जुळत नाहीत. 'रंभा' म्हणजे नेमका कोणता वाण, असं पत्र आलंय. उत्तर देता आलं नाही, तर निबंध मागे घ्यावा लागेल.

पीरमहंमद : मागं कसा घेनार? त्रेसष्ट जनांच्या घरी जाऊन?

अमिना : छापून सांगायचं, अब्बा. माझं म्हणणं चुकलं, धरून चालू नका. आठ वर्षांचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे.

रंभाबाई : पर तुला आंबेमोहर कुनी सांगितलं?

अमिना : दाणा तसाच होता. बी कुठलं म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, 'खालचं'. मी वहीत लिहिलं, खालच्या खाचरातला आंबेमोहर, आणि निबंधातही तसंच गेलं.

रंभाबाई : खाचराचं नाव तरी काढलं का मी? खालचं म्हंजी खालचं. पान्याखालचं.

पीरमहंमद : धरनाच्या?

रंभाबाई : मग? आमचं जांभुळणं पान्यात गेलं तवा मी नऊ वर्सांची. आईनं जातं सोडलं, पाटा सोडला. लुगड्याच्या पदरात बी तेवढं बांदलं. नव्या जागी सगळ्यांनी आंबेमोहर लावला. आई म्हनायची, त्यो वासाचा, पर आपला खालचा भात ताकासंगं लागतो तसा त्यो लागायचा न्हाई. माज्या लग्नात पायलीभर बी दिलंन. अजून दोन गुंठं लावतीया, सनापुरतं.

अमिना : म्हणजे तो आंबेमोहर नव्हताच! मग आकडे जुळतील कसे? मावशी, मूठभर द्याल? जपानला पाठवते. त्यांना स्वतःच करून बघू दे.

रंभाबाई : मूठभर काय, ह्ये पोतं त्याचंच हाय. भरडायला आनलं हुतं. लाईट गेली म्हनून ऱ्हायलं, न्हाई तर तांदूळ झाला असता.

पीरमहंमद : बाजूला घेतो. लाईट आली की ह्यो मशीनवाला गडी इचारनार न्हाई, वततच सुटंल.

अमिना : दुरुस्ती छापावीच लागेल. पण 'रंभा' राहू शकतं, मावशी. बी तुमचं, आणि नाव तर आता पोचलंय.

पीरमहंमद : ऱ्हाऊ द्या की. रेशनकार्डावर न्हाई, तर जपानात तरी.

रंभाबाई : मला काय करायचंय? मी हितं बसलीया तुमच्याफुडं. गावाचं घाल.

अमिना : जांभुळणं?

रंभाबाई : पानी उतरलं की वैशाखात देवळाचा चौथरा दिसतो. पोरं त्याच्यावरनं उड्या मारत्यात. गाव कुठलं म्हनून एक इचारत न्हाई.

अमिना : ते त्रेसष्ट तरी विचारतील.

पीरमहंमद : ही घे पिशवी. गेरू तितंच हाय, कोनाड्यात. तुज्या लग्नापासनं कुनी हात लावला न्हाई.

अमिना : आणि या वेळी मी वाचून दाखवते, म्हणजे चूक व्हायला नको.

रंभाबाई : मोठ्या अक्षरात काढ, बाय. साठ वर्सांत ते नाव कुनी लिवलं न्हाई.