रिकाम्या ओव्हनचा चार्ट

मी बिरदेव म्हाळू कोळपे, वय ४७ वर्षे, काम भट्टी ऑपरेटर, रा. कवठे येमाई, ता. शिरूर, जि. पुणे. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

शिरूर तालुक्यातील एका हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षे भट्टीवर आहे. सोपानराव दिघे, रा. केंदूर, हे तेथे सुपरवायझर आहेत. ते नवीन आले तेव्हा त्यांना भट्टीचे काम मीच शिकवले. वर्षभर ते माझ्याच डब्यात जेवले.

मागील महिन्यात एका शनिवारी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या पिनांचा लॉट मी भट्टीत लाल करून तेलात बुडवला. असा माल कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळ असतो. म्हणून तो दुसऱ्या ओव्हनमध्ये दोन तास मंद तापवावा लागतो. त्याला टेंपरिंग म्हणतात. तो ओव्हन दुसऱ्या मालाने भरलेला होता आणि पिना न्यायला गाडी दारात उभी होती. दुपारी साडेतीनला माझी शिफ्ट सुटली. सोपानराव म्हणाले, "दादा, तुम्ही निघा. ओव्हन मोकळा झाला की मी लावतो." मी निघालो.

ओव्हनच्या तापमानाची रेघ कागदी चार्टवर उमटते. तेलकट हाताने चार्ट खराब होतो. त्यामुळे शिफ्टच्या सुरुवातीलाच, हात स्वच्छ असताना, कोऱ्या चार्टवर सह्या करून ठेवायची मला सवय होती. ती चूक माझी.

गेल्या मंगळवारी सकाळी केडगाव, ता. दौंड येथे त्या लॉटमधील पिन तुटून पाण्याचा टँकर ट्रॅक्टरपासून सुटला. तो करुणा नागसेन सोनवणे यांच्या पायावरून गेला. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला आहे. मी दवाखान्यात गेलो होतो. दारातूनच परत आलो.

बुधवारी सोपानराव माझ्या घरी आले. चहा घेतला. म्हणाले, "दादा, कुणी इचारलं तर म्हणा, माल मीच लावला. चार्टवर सही तुमचीच हाय."

आपण दाखवलेला चार्ट मी पाहिला. सही माझीच आहे. तापलेल्या ओव्हनमध्ये थंड माल गेला की तापमान पडते, रेघेला खळगा येतो. या रेघेला कुठेच खळगा नाही. पिना तशाच गाडीत भरल्या आणि नंतर ओव्हन रिकामा चालवून हा चार्ट काढला. ही पारख सोपानरावांना मीच शिकवली होती. म्हंजी मला कळंल, हे त्याला ठावं होतं. तरी तो धरूनच चालला की हा बोलायचा न्हाई. मला राग त्याचा हाय साहेब, हे असंच लिहा.

माझा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितल्याप्रमाणे तो बरोबर आहे. खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर माझ्या सांगण्यावरून आडवी रेघ मारली. त्यानंतर मी सही केली.