गुरुवारची बारी

—तापच हाय म्हणायचा, महिपतराव. बसा ना, उभं नका राहू. वृषाली आतच हाय, झोपलीय—म्हंजे झोपली न्हाय, भिंतीकडं तोंड करून पडलीय. पिंपळीस्नं एवढ्या उन्हाचं आलात, चहा तरी घ्या. उद्याच्या साखरपुड्याचंच इचारायला आलात न्हवं? व्हईल की उभी उद्या. न्हाय झाली तर मी काय करू, ते मलाबी ठावं न्हाय.

ताप कसला आलाय. ह्यांनीच सांगितलं, कुणी आलं तर ताप हाय म्हण, विजे. आता तुमच्यापाशी खोटं कुठवर बोलू—हे स्थळ तुमीच आणलंत. पोरगी आकाशातल्या दीर्घिकांचा अभ्यास करती, ते ठावंच हाय तुमाला. तिची एक दीर्घिका हाय—कोट्यवधी चांदण्यांचा गाव म्हणा—तिच्या पोटात असं काय बसलंय की जवळ येईल ते गिळतंय, अन् दोन्ही अंगांनी फवारे सोडतंय. त्याच्या रेडिओच्या लहरी जुन्नरकडच्या दुर्बिणीच्या तबकड्यांना ऐकू येत्यात, एक्स-रे मात्र वर फिरणाऱ्या दुर्बिणीलाच दिसत्यात. दोघींनी एकाच वक्ताला बघायचं. का? मीबी इचारलं. म्हणाली, आई, उसाचं पाचट पेटलं तर एकीनं जाळ बघायचा, एकीनं धूर, तवाच कळतं पेटलं कुठनं. आता ती दीर्घिका भडकलीय—पुन्हा कधी भडकंल कुणी सांगावं. साऱ्या जगाच्या रांगेत उभं राहून पोरीनं दोन्हीकडची बघायची बारी मिळवली—अन् ती आली नेमकी उद्याची, गुरुवारची.

एक दिवस पुढं ढकला म्हणाली, बास, एकच दिवस. हे म्हणाले, मुलीकडच्यांनी कसं म्हणायचं तारीख हलवा? लोक म्हणतील पोरीचेच नखरे. अन् मग काय केलं—आपल्याकडं पाटाच्या पाण्याचं कसं, घरात कार्य असलं की बारी शेजाऱ्याला द्यायची, म्होरल्या पाण्याला आपली परत घ्यायची, कोण न्हाय म्हणतंय? तसाच लावला फोन तिच्या सरांना. पोरीचा साखरपुडा हाय, म्हणाले, गुरुवारची बारी दुसऱ्या कुणाला देऊन टाका, तिची तिला मागनं द्या. त्या भल्या माणसाला वाटलं, पोरीनंच सांगायला लावलंय. दिली. आता ती बारी परत मिळत न्हाय. वरची दुर्बीण उद्या एकटीच बघणार. वृषाली रडलीसुदिक न्हाय. बापाला एवढंच म्हणाली, "आबा, हे पाणी म्होरल्या बारीला येत न्हाय." तवापास्नं ह्यांनी जेवण टाकलंय, विहिरीवरल्या मोटारीच्या खोलीपाशी जाऊन बसल्यात. कुणाची समजूत काढू? ह्यांची माया खोटी न्हाय—अन् तिचं म्हणणं मला अर्धंच कळतंय, पण तेबी खोटं न्हाय. तुमीच जरा तिच्याशी—

काय म्हणालात?

रविवारी? साखरपुडा रविवारी घेऊ म्हणत्यात मुलाकडचे? नवऱ्या मुलाच्या मामांच्या उसाला उद्या तोडणीची टोळी येतीय—व्हय, बरोबर हाय की. कारखान्याची टोळी दारात आल्यावर कोण सोडतंय. आलेली बारी कुणी सोडत न्हाय. न्हाय, न्हाय, आमची काय हरकत असणार—आमी मुलीकडची माणसं.

हळू बोला, महिपतराव. ती भिंत पातळ हाय.

चहा राहू द्या आता. तुमी निघा.