आतला हातमोजा

सासरे : नको म्हटलं ना. उद्या बघू.

सून : कालही उद्याच म्हणालात, बाबा. परवाचं ड्रेसिंग आहे ते. कडेने ओलं झालंय.

सासरे : असू दे. माझी पाठ आहे.

सून : पाठ तुमची, पण रविवारी थोरले दादा येऊन तीच बघणार आहेत. मागच्या खेपेला जाताना काय म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. पडून पडून झालेली ही जखम घरी भरत नसेल तर सरळ शुश्रूषा केंद्रात ठेवू म्हणाले. तिथली खोलीसुद्धा बघून आलेत.

सासरे : ठेवू दे.

सून : म्हणजे?

सासरे : म्हणजे जातो. तिथल्या मुली पगार घेतात. किळस आली तरी त्यांचं कामच आहे ते.

सासूबाई : अहो, तुमचा खुबा मोडल्याला तीन महिने झाले. तेव्हापासून ती पोर तुमचं सगळं काढतेय. माझे हात असे थरथरत नसते तर मीच केलं असतं, तिच्याकडून ऐकून घ्यायची वेळ आणली नसती तुमच्यावर, आणि तुमच्याकडून तिच्यावर.

सासरे : तू मध्ये पडू नकोस. मी वाकडं काही बोलत नाहीये.

सून : आई, तुम्ही धाकटीजवळ बसता का जरा? आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा. उठली की सगळंच राहील. मी बघते इथलं.

सासूबाई : बघ बाई. तुझीच चिकाटी.

सून : हं, बोला आता. कुणाला किळस आली?

सासरे : सूनबाई, मी भिंतीकडे तोंड करून पडतो. दिसत नाही, पण कान आहेत. हातमोजा चढवला की मनगटाशी चट्ट वाजतं. दोन हात, दोन आवाज. तुझे चार वाजतात.

सून : बाबा...

सासरे : एकतीस वर्षं कारखान्यात हातमोजे तपासलेत मी. दोन मोजे एकावर एक चढवले तर माझ्या पाठीलाही कळतं. बोटांपाशी आतला वेगळा सरकतो, बाहेरचा वेगळा. हात नाही लागत मग, काठी टेकल्यासारखं लागतं. मला शिवायला दोन-दोन थर लागतात तुला.

सून : तसं नाहीये ते.

सासरे : मग कसं आहे?

सून : सांगितलं तर रागवाल.

सासरे : रागवायलाही जोर लागतो. तो कुठून आणू?

(ती उजव्या हातावरचा बाहेरचा मोजा ओढून काढते.)

सासरे : आत निळा.

सून : हो.

सासरे : नायट्राइलचा. आणि वर माझ्या खोक्यातला. हे कसलं खूळ?

सून : आतलाही काढते. आता हात बघा.

सासरे : जवळ आण. उजेडात धर. हे कधीपासून?

सून : दोन महिने झाले. आधी नुसती खाज होती. मग पुरळ, मग ह्या भेगा, पार मनगटापर्यंत. धाकटीला झोपवायला गेले की म्हणते, आई, हात बोचतो, कोपराने थोपट. आठवडाभर कोपराने थोपटतेय तिला.

सासरे : कुणाला दाखवलंस?

सून : दाखवलं ना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. रबराच्या चिकाचं वावडं आहे म्हणाल्या. लॅटेक्सला पुन्हा हात लावू नका, निळे घ्या, ते कृत्रिम असतात, त्यांत झाडाचा चीक नसतो. म्हणून निळे आणले. पहिल्या दिवशी तुम्ही काय बोललात आठवतंय?

सासरे : आठवतंय.

सून : म्हणालात, ह्या निळ्यापायी आमचा कारखाना बंद पडला. दवाखाने एकामागून एक हेच मागवायला लागले आणि आमचा चीक टाक्यांतच गोठला. माझ्या पलंगाखाली सात खोके भरलेले असताना ह्या घरात हे प्लास्टिक कशाला. आणि संध्याकाळपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाहीत.

सासरे : म्हणून तू वर माझे चढवलेस.

सून : म्हटलं, आत निळे असले की माझ्या कातडीचं भागेल, वर तुमचे असले की तुमचं मन राहील. चार वेळा वाजतं हे मला कुठे ठाऊक.

सासरे : आणि ड्रेसिंग करताना शिंकतेस ते?

सून : सर्दी असेल.

सासरे : सर्दी नाही ती. आमच्या मोज्यांना आतून पावडर असते, चढवायला सोपं जावं म्हणून. चिकातलं जे बाधतं ते तिलाही चिकटतं. मोजा ओढला की ती उडते, नाकात जाते. आत दहा थर घातलेस तरी काय उपयोग? छातीत घरघरतं का?

सून : कधी कधी.

सासरे : कधी?

सून : परवा. ड्रेसिंग झाल्यावर. बराच वेळ गॅलरीत उभी राहिले.

सासरे : आणि तरी आज परत तेच घालून आलीस.

सून : मग काय करू? नुसते निळे तुम्हाला चालत नाहीत, रविवार दोन दिवसांवर आलाय. मला कंटाळा येतो, बाबा. खरंच सांगते. तुमचं करायचा नाही येत. सगळ्यांची मनं सांभाळत करायचा येतो.

सासरे : तो निळा इकडे दे. वापरलेला नको, नवा.

सून : काय करताय?

सासरे : फुंकतोय. मनगटाशी असा पीळ द्यायचा आणि फुगा गालाशी धरायचा. भोक असलं तर वारा लागतो.

सून : लागतोय?

सासरे : नाही. शिवणीपाशी, म्हणजे बोटांच्या बेचक्यांत, तिथेही पातळ नाहीये. मला नापास करता आला नसता हा. माप कुठलं आणलंस?

सून : मोठं. वरून तुमचा चढायचा होता ना, म्हणून आत सैल बरा वाटला.

सासरे : चूक. हे रबरासारखं ताणून हातावर बसत नाही, मापाचंच लागतं. मधलं आहे का?

सून : कपाटावर एक खोकं आहे.

सासरे : ते काढ. हात आधी नुसत्या पाण्याने धू. आणि सासूला हाक मार. पलंगाखालचे खोके तिने काढायचे, तू हात लावायचा नाहीस.

सासूबाई : सगळे? इतके दिवस मला तिथे झाडू घालू दिला नाहीत.

सासरे : आजही झाडू नको. ओल्या फडक्याने पूस, पावडर उडता कामा नये. खोके खाली जिन्याशी ठेव. उद्या फेकून देऊ.

सासूबाई : एखादं ठेवू का? आठवण म्हणून.

सासरे : हिच्या छातीत बसलीय तेवढी आठवण पुरे.

सून : वळा आता कुशीवर. हळू. उशीला धरा.

सासरे : आमच्याकडे एक बाई होती. साच्यांवरून मोजे ओढून काढायची, कोमट असतानाच. तिचे हात असेच. डोळे सुजायचे. दुसऱ्या खात्यात टाका म्हणून दोनदा आली माझ्याकडे. मी म्हटलं, इतक्या जणी काढतात, तुलाच बरा त्रास होतो. कामचुकार म्हटलं मी तिला, सगळ्यांदेखत.

सून : मग?

सासरे : मग यायची बंद झाली. कुठे गेली, मी विचारलंसुद्धा नाही.

सून : जरा चुरचुरेल हं आता.

सासरे : चुरचुरू दे.

सून : कडा लाल झाल्यात, पण आतून भरतेय. रोज केलं तर रविवारी दादांना दाखवण्याजोगी होईल.

सासरे : त्याच्याशी मी बोलेन. तुझं मधलं बोट वाकत नाहीये नीट.

सून : पेरावर भेग आहे. तुम्हाला कळतंय?

सासरे : आता कळतंय.

सून : त्यामुळे थोडा वेळ लागेल, बाबा.

सासरे : लागू दे. मला कुठे जायचंय.