दोनदा हात आपटला की सोडायचं

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बहिणी नंबरची वाट बघत होत्या. मोठीचा हात गळ्यात बांधलेला होता.

“ताई, ज्युदोचा क्लास सोड आता. या वयात कशाला हाडं मोडून घेतेस?”

“क्लासमध्ये नाही मोडत गं कुणाचं काही. पहिल्याच दिवशी शिकवतात, सहन होईना झालं की जमिनीवर दोनदा हात आपटायचा. समोरचा लगेच सोडतो.”

“आणि नाही सोडलं तर?”

“तिथे सगळे सोडतात. अनोळखी माणूससुद्धा सोडतो.”

“मग हे कुठे झालं?”

“घरी. यांनी हात मागे पिरगळला. मी दुसरा हात भिंतीवर दोनदा आपटला.”

“भाऊजींना काय कळणार त्यातलं?”

“कळतं. मीच कौतुकाने शिकवलं होतं.”

“मग?”

“म्हणाले, दोनदा झालं. आता तिसऱ्यांदा आपट.”

“ताई, इथूनच माझ्याकडे चल.”

“हळू बोल. हे गाडी लावून आले बघ.”

“काय गप्पा चालल्यात दोघींच्या?”

“क्लासच्याच,” ताई म्हणाली.

तेवढ्यात नर्सने दार उघडलं. “हाताचं दुखणं कुणाचं? पेशंटबरोबर एकानेच या.”

“मी आहे ना. चल गं, ऊठ,” तिचा नवरा म्हणाला.

ताईने बरा हात बाकावर आपटला. अगदी हळू, दोनदा.

“तुम्ही बसा, भाऊजी,” धाकटी उठत म्हणाली. “आत मी जाते.”